हबसाणावरील स्वारी आणि राष्ट्रांचा शेजारधर्म

एका राष्ट्रानें दुसऱ्या राष्ट्राच्या हद्दींत सैन्य घुसविलें असतां उरलेल्या राष्ट्रांनीं काय करावें, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानें सोडवावा लागतो, आणि तो आपल्यापुढेंच प्रथम उभा राहिला असें प्रत्येक पिढीला वाटतें. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियाचीं सैन्यें युक्रेनमध्यें शिरलीं, तेव्हां आपल्याकडील सुशिक्षित घरांतूनहि या प्रश्नाचा पुष्कळ खल झाला. कोणी म्हणे, परक्याच्या भांडणांत आपण पडूं नये. कोणी म्हणे, आक्रमकाचा व्यापार तोडला कीं तो आपोआप वठणीवर येईल. कोणाला शस्त्रें पाठविणें अवश्य वाटे, तर कोणाला नुसता निषेध पुरे वाटे. या सर्व मतांची परीक्षा इतिहासानें पूर्वीं एकदां फार कसून घेतली आहे. ती १९३५-३६ सालीं आफ्रिकेंतील हबसाण ऊर्फ अबिसिनिया या देशाच्या बाबतींत झाली. त्या परीक्षेचा निकाल पाहिल्यावांचून या विषयावर बोलणें म्हणजे खटल्याचे कागद न वाचतां न्याय सांगण्यासारखें आहे.

हबसाण हें नांव मराठी वाचकांस परकें नाहीं. निजामशाही बुडतां बुडतां जिनें सांवरून धरली ती मलिक अंबराची बुद्धि मूळची हबसाणांतली. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचें मूळहि आफ्रिकेच्या त्याच बाजूला जातें. १८६७-६८ सालीं मगदल्याच्या किल्ल्यावर गेलेली इंग्रजांची मोहीम मुंबई बंदरांतूनच हलली होती. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांतील राष्ट्रांनीं आफ्रिका खंड आपसांत वांटून घेतलें, तेव्हां त्या वांटणींतून जीं एक-दोन राज्यें निसटलीं त्यांत हबसाण मुख्य होतें. तें कोणाच्या दयेनें निसटलें नव्हतें. १ मार्च १८९६ रोजीं अडोवा येथें मेनेलिक बादशहाच्या सैन्यानें इटलीच्या फौजेचा पुरा मोड केला आणि आपलें स्वातंत्र्य राखलें. तो पराभव इटलीच्या मनांत चाळीस वर्षें सलत राहिला. तथापि वरकरणी सर्व गोड होतें. १९२३ सालीं हबसाणाला राष्ट्रसंघाचें सभासदत्व मिळालें, त्याला इटलीचीहि संमति होती. आणि १९२८ सालीं दोन्ही देशांत वीस वर्षांच्या मुदतीचा मैत्रीचा तह झाला. कागदोपत्रीं पाहिलें तर इतकें सुरक्षित लहान राष्ट्र जगांत विरळा.

या कागदांत सर्वांत वजनदार कागद म्हणजे राष्ट्रसंघाचा करारनामा. त्याच्या दहाव्या कलमान्वयें प्रत्येक सभासदानें इतर सभासदांचा प्रदेश व स्वातंत्र्य यांचें परकीय आक्रमणापासून रक्षण करण्याचें पत्करलें होतें. सोळाव्या कलमाची भाषा त्याहूनहि कडक होती. करार मोडून जो युद्धास प्रवृत्त होईल त्यानें सर्व सभासदांविरुद्धच युद्ध केलें असें समजावें, आणि त्याच्याशीं व्यापार, कर्जव्यवहार व दळणवळण तत्काळ तोडावें, असें तें कलम सांगत होतें. गांवकीच्या भाषेंत बोलावयाचें तर एका घरावर दरोडा पडला कीं साऱ्या गांवानें लाठ्या घेऊन धांवावें, निदान दरोडेखोराला दाणापाणी तरी देऊं नये, असा हा ठराव होता. या ठरावाला एकदां तडा गेलेला होता. सप्टेंबर १९३१ मध्यें जपाननें मांचुरियांत हात घातला, तेव्हां संघानें लॉर्ड लिटन यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-मंडळ नेमलें. त्याचा अहवाल संघाच्या सभेनें फेब्रुवारी १९३३ मध्यें मान्य केला. जपाननें संघाला रामराम ठोकला. आणि मांचुरिया जपानकडेच राहिला. मांचुरिया फार दूर आहे, तेथील राजकीय गुंतागुंत फार आहे, असें म्हणून त्या वेळीं लोकांनीं मनाचें समाधान करून घेतलें. हबसाणच्या वेळीं ती सबब राहिली नव्हती. आक्रमक युरोपांतला होता, आणि त्याच्या सैन्याचा मार्ग सुवेझच्या कालव्यांतून, म्हणजे इंग्रजांच्या डोळ्यांसमोरून, जात होता.

डिसेंबर १९३४ मध्यें वलवल येथील विहिरींजवळ दोन्ही बाजूंच्या सैनिकांची चकमक झाली आणि इटलीला हवें असलेलें निमित्त सांपडलें. तेव्हांपासून प्रत्यक्ष स्वारीपर्यंत दहा महिने गेले. हे दहा महिने या प्रकरणांतील सर्वांत मोलाचा काळ होय, आणि तोच सर्वांत वाईट रीतीनें वांयां गेला. इटलीचीं जहाजें सैन्य, खेचरें व दारूगोळा घेऊन एरिट्रिया व सोमालीलँडकडे उघडपणें जात होतीं. जानेवारी १९३५ मध्यें फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लाव्हाल यांनीं रोममध्यें मुसोलिनीशीं करार केला. एप्रिलमध्यें स्ट्रेसा येथें ब्रिटन, फ्रान्स व इटली यांची परिषद् भरली, तिनें जर्मनीविषयीं पुष्कळ चर्चा केली आणि हबसाणविषयीं मौन पाळलें. मुसोलिनीनें या मौनाचा अर्थ संमति असा घेतला, यांत नवल काय? मनांत गैर बाळगणाऱ्याला शेजाऱ्यांचें मौन हें नेहमींच अर्धें परवानापत्र वाटतें.

उलट ज्याच्यावर घाला यावयाचा होता त्यानें मात्र संघाच्या शब्दावर भरंवसा ठेवला. आपल्याकडून कुरापत निघाली असें कोणास म्हणतां येऊं नये म्हणून बादशहा हायले सेलासी यांनीं आपलें सैन्य सरहद्दीपासून तीस किलोमीटर मागें घेतलें. त्याच सुमारास ब्रिटन व फ्रान्स यांनीं दोन्ही पक्षांना शस्त्रें विकण्याचें बंद केलें. ही समदृष्टि दिसावयास सुंदर होती. पण इटलीचे स्वतःचे शस्त्रांचे कारखाने होते आणि हबसाणाजवळ एकहि तोफ ओतण्याची सोय नव्हती. ज्याच्या घरांत तलवारी आहेत आणि ज्याच्या घरांत नाहींत अशा दोघांना ‘आतां कोणीं तलवारी विकत घेऊं नयेत’ असें सांगणें याला तटस्थता म्हणतां येत नाहीं.

३ ऑक्टोबर १९३५ रोजीं युद्धाची घोषणा न करतांच इटलीच्या फौजा मारेब नदी ओलांडून हबसाणांत शिरल्या. यानंतर राष्ट्रसंघ प्रथम ज्या वेगानें हलला तो खरोखर प्रशंसनीय होता. चारच दिवसांत कौन्सिलानें इटलीनें करार मोडल्याचा निर्णय दिला. ५४ सभासदांपैकीं ५० नीं त्याला मान्यता दिली. ऑस्ट्रिया, हंगेरी व आल्बेनिया हीं तीन राष्ट्रें आणि स्वतः इटली एवढेच काय ते वेगळे राहिले. १८ नोव्हेंबरपासून निर्बंध सुरू झाले. इटलीला शस्त्रें व कर्ज देणें बंद, इटलीचा माल घेणें बंद आणि इटलीला कांहीं विवक्षित माल विकणें बंद, असें त्यांचें स्वरूप होतें. पन्नास राष्ट्रांनीं एका आक्रमकाविरुद्ध असा एकत्र निश्चय केल्याचें उदाहरण जगाच्या इतिहासांत तोंपर्यंत नव्हतें.

परंतु खरी मेख त्या ‘विवक्षित’ शब्दांत होती. विक्री बंद करावयाच्या मालाच्या यादींत रबर होतें, कथील होतें, घोडे, खेचरें, गाढवें व उंट होते. लोखंडाची माती बंद होती, पण तयार पोलाद बंद नव्हतें. अॅल्युमिनियम बंद होतें. आणि गंमत अशी कीं इटलीला गरजेहून अधिक होई असा जो एखादा धातु होता तो अॅल्युमिनियमच. कोळसा त्या यादींत नव्हता. आणि ज्यावांचून एक मोटार, एक रणगाडा किंवा एक विमान हलूं शकत नाहीं, तें खनिज तेलहि नव्हतें. सुवेझचा कालवा तर उघडाच राहिला. १८८८ च्या करारान्वयें तो युद्धकाळींहि सर्वांना खुला ठेवावयाचा होता, हें खरें; पण सोळावें कलमहि करारच होतें. इटलीचीं जहाजें टनांप्रमाणें व माणसांप्रमाणें कर भरून कालव्यांतून जात राहिलीं आणि त्या करावर कंपनीचा नफा वाढत राहिला.

तेल कां थांबविलें नाहीं? येथें त्या काळच्या मुत्सद्द्यांना केवळ भेकड ठरवून मोकळें होणें सोपें आहे, पण तें न्याय्य होणार नाहीं. त्यांच्यापुढें तीन अडचणी होत्या. पहिली अमेरिकेची. ती संघाची सभासद नव्हती. आपण तेल थांबविलें तर अमेरिकन व्यापारी तें पुरवतील, अशी भीति होती. दुसरी मुसोलिनीच्या धमकीची. तेलबंदी म्हणजे युद्ध, असें त्यानें सूचित केलें होतें, आणि भूमध्य समुद्रांत युद्ध पेटल्यास त्याचा भार एकट्या ब्रिटिश आरमारावर पडला असता. तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती जर्मनीची. हिटलर शस्त्रसज्ज होत असतां इटलीला दुखवून त्याच्या गोटांत लोटावें काय, हा फ्रान्सचा प्रश्न होता. या अडचणी खोट्या नव्हत्या. पण त्यांचा एकत्र परिणाम असा झाला कीं, ‘हबसाण कशानें वांचेल?’ हा मूळ प्रश्न बाजूस पडला आणि ‘इटली कशानें चिडणार नाहीं?’ हा त्याच्या जागीं आला. उपाययोजनेची यादी जणूं आक्रमकाच्या सोयीनें तयार झाली.

ब्रिटनमधील जनतेची वृत्तिहि याला पोषकच होती. १९३४-३५ सालीं तेथें खाजगी रीतीनें घेतलेल्या एका मोठ्या लोकमतांत १ कोटीहून अधिक लोकांनीं आक्रमकाविरुद्ध आर्थिक उपाय योजण्यास अनुकूल मत दिलें. लष्करी उपायांचा प्रश्न येतांच मात्र अनुकूल मतें पुष्कळ कमी पडलीं. न्याय हवा, पण तो रक्त न सांडतां व फारसा खर्च न येतां हवा, ही लोकांची इच्छा होती. ती इच्छा नीच नव्हती. वीस वर्षांपूर्वींच्या महायुद्धांत ज्यांचीं मुलें गेलीं त्यांची ती इच्छा होती. सरकारनें या इच्छेला शब्दांनीं संतुष्ट केलें. परराष्ट्रमंत्री सर सॅम्युएल होअर यांनीं ११ सप्टेंबर रोजीं जिनीव्हा येथें सामुदायिक प्रतिकाराच्या बाजूनें बाणेदार भाषण केलें, आणि नोव्हेंबरांतील निवडणूक संघाच्या नांवावर जिंकली गेली. त्यानंतर एक महिना लोटतो न लोटतो तोंच, ८ डिसेंबर रोजीं, त्याच होअरसाहेबांनीं पॅरिसमध्यें लाव्हाल यांच्याबरोबर एक गुप्त योजना आंखली. हबसाणानें आपल्या मुलखाचा मोठा भाग इटलीला तोडून द्यावा, दक्षिणेकडील विस्तीर्ण प्रदेश इटलीच्या आर्थिक वर्चस्वासाठीं मोकळा करावा, आणि मोबदला म्हणून समुद्रापर्यंत एक चिंचोळी पट्टी घ्यावी, अशी ती योजना होती. ‘उंटांची वाट’ म्हणून लंडनच्या एका प्रमुख वृत्तपत्रानें त्या पट्टीची टर उडविली. वर्तमानपत्रांतून बातमी फुटतांच इतका गहजब झाला कीं १८ डिसेंबर रोजीं होअर यांना राजीनामा द्यावा लागला. योजना बुडाली, पण त्याबरोबर संघाची अब्रूहि बुडाली. मध्यस्थ चोराचा वांटा आधींच मोजून ठेवतो, हें साऱ्या जगाला कळलें.

त्याच १८ डिसेंबर रोजीं रोममध्यें इटलीच्या राणीनें आपली विवाहाची अंगठी राष्ट्रकार्यासाठीं अर्पण केली, आणि तिच्यामागून असंख्य स्त्रियांनीं आपल्या अंगठ्या दिल्या. अर्ध्यामुर्ध्या निर्बंधांचा हा एक परिणाम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. जो घाव हाडापर्यंत पोंचत नाहीं तो शत्रूला दुबळा न करतां त्याचा अभिमान मात्र जागा करतो.

इकडे रणांगणावर डिसेंबरपासून इटालियन विमानांनीं मोहरीवायूचा वापर सुरू केला. विषारी वायूच्या वापरास बंदी करणारा १९२५ चा जिनीव्हा येथील करार इटलीनें स्वीकारलेला होता. अनवाणी पायांनीं चालणाऱ्या सैनिकांवर, गुरांवर व पाणवठ्यांवर ते विष पडलें. फेब्रुवारी १९३६ मध्यें संघाच्या तज्ज्ञ-समितीनें असा अहवाल दिला कीं, सर्व सभासदांनीं तेल थांबविलें आणि अमेरिकेनें आपली विक्री पूर्वींच्या प्रमाणांतच ठेवली तर सुमारें साडेतीन महिन्यांत तेलबंदीचा पुरा परिणाम होईल. अहवालावर विचार चालू असतांच ७ मार्च रोजीं हिटलरनें ऱ्हाईनलँडमध्यें सैन्य घातलें, आणि तेलाचा प्रश्न मागें पडला तो पडलाच. ३१ मार्च रोजीं मायच्यू येथें बादशहांच्या सैन्याचा मोड झाला. ५ मे रोजीं अदीस अबाबा पडलें. ९ मे रोजीं इटलीच्या राजाला हबसाणचा सम्राट् म्हणून घोषित करण्यांत आलें.

३० जून १९३६ रोजीं हायले सेलासी स्वतः राष्ट्रसंघापुढें उभे राहिले. इटालियन वार्ताहरांनीं शिट्या वाजवून त्यांचें भाषण बंद पाडण्याचा यत्न केला. त्यांना बाहेर काढल्यावर बादशहांनीं आपल्या अम्हारिक भाषेंत विषारी वायूची हकीकत सांगितली, आणि मी माझ्या लोकांना काय उत्तर नेऊन देऊं, असा सरळ प्रश्न विचारला. कौरवसभेंत द्रौपदीनें प्रश्न विचारला तेव्हां भीष्मांनीं धर्माच्या सूक्ष्मतेकडे बोट दाखविलें होतें. जिनीव्हाच्या सभेंतहि वडीलधाऱ्या राष्ट्रांना धर्म तसाच सूक्ष्म वाटला. १५ जुलै रोजीं निर्बंध उठविण्यांत आले.

आतां ज्या हेतूसाठीं हें सर्व सोसलें त्याचें काय झालें? इटलीला दुखवूं नये म्हणून तेल थांबविलें नाहीं; तरी इटली दुखावलीच आणि त्याच वर्षीं जर्मनीच्या गोटांत गेली. १९३७ च्या डिसेंबरांत तिनें संघहि सोडला. संघाची पत राखावी म्हणून निर्बंध घातले. ते फसल्यानें लहान राष्ट्रांचा संघावरील विश्वास पार उडाला. तेल गेलें, तूपहि गेलें, हातीं धुपाटणें आलें, या आपल्या म्हणीला याहून चपखल उदाहरण शोधूनहि सांपडणार नाहीं. हिटलरच्या दुभाष्यानें पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे कीं, तेलबंदी झाली असती तर आठवड्याच्या आंत मला हबसाणांतून मागें फिरावें लागलें असतें, अशी कबुली मुसोलिनीनें १९३८ सालीं दिली. जें युद्ध टाळण्यासाठीं हात आंखडता घेतला तें तर टळलें नाहींच. ज्या एरिट्रियांतून स्वारी निघाली होती तेथेंच केरेनच्या डोंगरांत फेब्रुवारी-मार्च १९४१ मध्यें घनघोर लढाई झाली. तींत हिंदी सैन्याच्या दोन डिव्हिजनी लढल्या आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाईहि होते. १९३५ सालीं तेलाच्या व्यापारांत जी तोशीस नको म्हटली, तिचा हिशेब सहा वर्षांनीं साताऱ्या-रत्नागिरीकडल्यासारख्या घरांतून वसूल झाला.

येथें एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. ब्रिटन व फ्रान्स हीं स्वतः साम्राज्यें होतीं. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद असूनहि परतंत्र होता. अशा राष्ट्रांनीं इटलीला आक्रमक म्हणणें म्हणजे कुंपणानें शेत खाणाऱ्याला बोल लावण्यासारखें नव्हे काय? मुसोलिनी हेंच विचारीत असे. शिवाय हबसाणांत गुलामगिरी आहे, सबब तें राष्ट्र संरक्षणास पात्र नाहीं, असेंहि तो म्हणे. पंच दांभिक होते, यांत शंका नाहीं. परंतु पंचाच्या दोषानें फिर्यादीचा हक्क बुडत नाहीं. हिंदुस्थानांतील राष्ट्रीय पक्षानें ही गोष्ट बरोबर ओळखली. ब्रिटिश साम्राज्याचा कट्टर विरोध करीत असतांच पंडित जवाहरलाल नेहरू व त्यांचे सहकारी हबसाणच्या बाजूनें उभे राहिले. कारण परतंत्र देशाला आक्रमणाचें समर्थन हें स्वतःच्याच बेड्यांचें समर्थन ठरलें असतें.

हबसाणचें उदाहरण पुढें कोणाच्या उपयोगीं पडलें काय? कांहीं अंशीं पडलें. २ ऑगस्ट १९९० रोजीं इराकनें कुवेत घेतलें, तेव्हां संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा-समितीनें चारच दिवसांत इराकचा तेलासह बहुतेक सर्व व्यापार तोडला, आणि तेवढ्यानें भागेना तेव्हां सैन्य वापरण्यास मुभा दिली; फेब्रुवारी १९९१ मध्यें कुवेत मुक्त झालें. मात्र तेथें आक्रमकाला पाठीराखा नव्हता, आणि कुवेताच्या जमिनीखालीं तेल होतें; हबसाणाखालीं तें कोणास दिसलें नव्हतें. शिवाय कुवेत सुटल्यावरहि ते निर्बंध २००३ पर्यंत चालू राहिले, आणि त्यांची झळ राजवाड्यापेक्षां इराकमधील गोरगरिबांना अधिक लागली. उपायाला कडकपणा हवा, तशी मर्यादाहि हवी. २०२२ सालीं आक्रमकालाच सुरक्षा-समितींत नकाराधिकार होता, म्हणून समिती जागीं खिळली; सर्वसाधारण सभेंत २ मार्च रोजीं १४१ राष्ट्रांनीं निषेधाच्या बाजूनें मत दिलें, ३५ तटस्थ राहिलीं, त्यांत भारतहि होता. युरोपनें निर्बंध घातले, युक्रेनला शस्त्रेंहि दिलीं. पण रशियाचें तेल व वायु एकदम सोडणें त्याला जमलें नाहीं, आणि सवलतीच्या दरानें मिळणारें तेंच तेल भारतानेंहि मोठ्या प्रमाणांत घेतलें. आपल्या गरिबांची चूल पेटती ठेवणें हें सरकारचें कर्तव्य आहे, हें उत्तर खोटें नाहीं. पण १९३५ सालच्या प्रत्येक सरकारजवळहि असेंच एकेक खरें उत्तर होतें, हें विसरून चालणार नाहीं.

तेव्हां इतर राष्ट्रांनीं करावें काय? प्रथम, बोलावयाचें तें स्वारीपूर्वीं बोलावें. सैन्य सरहद्दीवर जमत असतां उच्चारलेला एक स्पष्ट शब्द, तें आंत शिरल्यावर केलेल्या दहा ठरावांहून मोलाचा असतो. दुसरें, घाला घालणारा आणि घाला सोसणारा यांना एकाच तराजूंत घालून त्याला निःपक्षपात म्हणूं नये. तिसरें, उपाय निवडतांना आपल्याला काय सोडणें सोपें आहे हें न पाहतां आक्रमकाचें युद्ध कशावर चालतें हें पहावें, आणि त्याची किंमत आपल्या लोकांना आधींच सांगून टाकावी. आणि चौथें, ही किंमत देण्याची तयारी नसेल तर लहान राष्ट्राला खोटा धीर देऊं नये. हबसाणानें तीस किलोमीटर मागें घेतलेलें सैन्य कोणाच्या शब्दावर मागें घेतलें होतें? ज्यांना आपला शब्द पाळावयाचा नव्हता त्यांनीं तो दिला नसता, तर त्या देशाला निदान आपल्या डोंगरांचा आणि आपल्या बळाचा हिशेब स्वतः करतां आला असता. शेजारधर्म पाळणें कठीण आहे. तो पाळतों असें सांगून न पाळणें हा त्याहून मोठा अपराध आहे.